धर्माजीचं लाल तोंड

मिठागरात ओळ कशाला म्हणतात ते आधी सांगतो. दिवाळी झाली की मिठाच्या कप्प्यांचा तळ पायांनी तुडवायचा असतो. दहा-बारा गडी खांद्याला खांदा लावून उभे राहतात, एका तालात टाचा आपटतात आणि वीत-वीत पुढे सरकतात. असे एकेका कप्प्याला पंधरा-वीस दिवस; सगळे कप्पे होईपर्यंत माघ सरतो. एकाची टाच हलकी पडली तर तिथला चिखल मऊ राहतो आणि फाल्गुनात नेमकं तिथलं मीठ काळं निघतं. उरणजवळच्या आमच्या आगरात ओळ मी चालवायचो. कोणाची टाच कशी पडते ते मला न बघता कळायचं. धर्माजीची टाच सगळ्यांत चांगली पडायची.

गडी बुटका, रुंद पावलांचा, बोलायला कमी. एकावन्न साली उधाणाने बांध फुटला तेव्हा फुटलेल्या जागी पाठ लावून तो पाण्यात बसला. आम्ही दगड आणि चिखल आणून भोक बुजवेपर्यंत उठला नाही. नंतर त्याबद्दल कधी बोललाही नाही.

सत्तावन्नच्या हंगामात बिघडलं. अर्धा तास तुडवलं की त्याचं तोंड आणि मान उकडलेल्या चिंबोरीसारखी लाल व्हायची. मग ओळ सोडून बांधाआड पळायचा. दिवसातून चार वेळा, पाच वेळा. परत यायचा तो धापा टाकत. तेव्हा दारूबंदी होती, पण खाडीपलीकडच्या झुडपांत काय गाळलं जातं ते सगळ्यांना माहीत होतं. मोरू त्याच्या शेजारी उभा राहायचा. तो म्हणायचा, धर्माजीला खाडी ओलांडायला नको, त्याची भट्टी पोटातच आहे. ओळ हसायची. मीही हसलो.

आमच्यात एक रीत होती. आळ आला की गड्याने मूठभर मीठ उचलायचं आणि काय ते बोलायचं. त्यानंतर कोणी काही विचारायचं नाही. मीठ पिकवणारा माणूस हातात मीठ घेऊन खोटं बोलत नाही. ही रीत मोडलेली मी बापाच्या काळापासून पाहिली नव्हती.

एके दिवशी तो तिसऱ्यांदा बांधाआडून आला आणि मी ओळ थांबवली. तो मुकाट गेल्या सालच्या ढिगाकडे गेला, मूठ भरून आला, समोर उभा राहिला.

“भागोजीदादा, थेंब पन न्हाय घेतला.”

बोलतानाही तोंड लालच होतं. मी म्हटलं, “मीठ ठेव जाग्यावर. तुझं तोंड सांगतंय तेवढं पुरे हाय.”

त्याने मूठ भिरकावली नाही. ढिगापाशी जाऊन हळूच सोडली, हात झटकले आणि बांधावरून निघून गेला. ज्याचं मीठ मानलं नाही त्याला आसपासच्या कुठल्याच आगरात ओळीत घेत नाहीत. हे मला माहीत होतं. पुढे तो लाकडं फोडायचा, फोडवेल तेवढी. त्याची बायको कोकिळा डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरू लागली.

पुढच्या नवरात्रात त्याचा उजवा डोळा सुजून बाहेर आला. पिऊन पडला असेल, असं लोक म्हणाले. कोकिळा माझ्या दारात आली. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, “आळ तुम्ही घातलात. आता ममईच्या डाक्टराला तुम्हीच दाखवा. तो काय बोलंल ते आपल्या कानांनी ऐका.”

मी गेलो. दया आली म्हणून नाही. माझंच खरं ठरेल या खात्रीने गेलो. मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो. इस्पितळात डोळ्यामागच्या गाठीचा तुकडा काढला. आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. डॉक्टर तरुण होता. त्याने डोळ्याचं काही विचारलंच नाही. विचारलं, मेहनत केली की तोंड लाल होतं का? जुलाब होतात? दम लागतो? प्रत्येक उत्तराआधी धर्माजी माझ्याकडे बघत होता.

डॉक्टरने समजावलं ते असं. मूळ गाठ लहान आतड्यात, असेल वालाच्या दाण्याएवढी. वर्षानुवर्षं हळू वाढते. तिथून पसरते ती बहुतेक यकृतात, आणि याचं यकृत भरलंच होतं. पण यातली एक डोळ्यामागे जाऊन रुजली होती. असं त्याने तोवर पाहिलं नव्हतं, त्याच्या वरच्या डॉक्टरांनीही नाही. या गाठी रक्तात एक रस सोडतात. त्याने तोंड पेटतं, पोट चालतं. अंगमेहनतीने जास्त. औषध नाही.

धर्माजीने एकच विचारलं. “म्हंजे दारूचं न्हाय?”

“दारूचा काही संबंध नाही.”

तो जितका जोर लावून तुडवायचा तितका लाल व्हायचा. माणसाची मेहनत ओळखता येते, याचाच मला गर्व होता.

परतताना लाँचवर तो म्हणाला, “ओळीला सांग. बाकी काय नको.” मी म्हटलं, सांगतो.

मार्गशीर्षात ओळ उभी राहिली. पहिल्या दिवशी वाटलं, आधी ताल बसू दे. मग वाटलं, कप्पा पुरा होऊ दे. खरं कारण वेगळं होतं. हे सांगितलं तर उद्या माझ्या शब्दावर कोण टाच आपटेल, ही भीती होती. मी एवढंच म्हटलं की धर्माजी आजारी आहे. मोरू म्हणाला, भट्टी फुटली वाटतं. मी ताल धरला.

माघात त्याला बघायला गेलो. दुसरा डोळा चांगला होता, त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “सांगितलंस?”

“व्हय.”

“मोरू काय बोलला?”

मला ते रचावं लागलं. म्हटलं, “मोरू गप झाला. मान खाली घातली त्यानं.”

धर्माजी जरा हसला. म्हणाला, त्याला काय बोलू नकोस, पोर मनानं वाईट न्हाय. कोकिळा चुलीपाशी होती. मोरूची बायको रोज तिच्याबरोबर पाणी भरायची. कोकिळेला सगळं माहीत होतं. तिने मान वर केली नाही, माझं खोटं चालू दिलं. चौथ्या दिवशी तो गेला.

बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओळीसमोर उभा राहून सगळं सांगितलं. वालाचा दाणा, यकृत, डोळा, डॉक्टरचा शब्द. मग मोरूने विचारलं, “हे तुला कवा कळलं?”

“कार्तिकात.”

“म्हंजे तो जिता व्हता.”

“व्हता.”

मोरू ओळीतून बाहेर पडला आणि घरी गेला. त्या दिवशी पुढे कोणी तुडवलं नाही, आणि मीही कोणाला उभं राहा म्हटलं नाही.