शेळी व्यायची आहे तोवर

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशनासाठी मला जी खोली मिळाली, ती आधी सलाईनच्या खोक्यांची होती. दार अर्धवट लागायचं. बाहेर बाकावर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू यायचं आणि ते मन लावून ऐकायचे. रुजू झाले त्या आठवड्यात मी भांडून टेबल बाहेर काढलं, भिंतीवरचं डोकं धरून बसलेल्या बाईचं पोस्टर फाडलं, घरची जुनी साडी पडदा म्हणून दाराला लावली आणि दोन खुर्च्या शेजारी शेजारी, जरा तिरक्या ठेवल्या. समोरासमोर बसवलं की माणसाला चौकशी चालल्यासारखं वाटतं. एवढं केलं आणि मला वाटलं, झालं, आता माणसं मोकळी बोलतील. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली मी.

ती बेंबळीकडची, पंचवीस-सव्वीस वर्षांची. विषारी औषध घेतलं म्हणून आठ दिवस वॉर्डात होती, वाचली होती. दोन दिवसांनी घरी सोडणार होते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या आणि माझ्याकडे पाठवताना कागदावर लिहिलं होतं, पुन्हा करण्याचा धोका. सोबत सासू होती. तिला मी पडद्याबाहेर बसवलं.

आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं की समोरच्याचं काय बिघडलंय तेच उगाळत बसू नका, त्याच्यात बळ काय आहे ते शोधा. फॉर्मवर त्यासाठी रकाना होता, 'बलस्थाने'. हा शब्द आमच्याकडे कुणाच्या सात पिढ्यांनी ऐकलेला नाही. म्हणून मी सोपं करून विचारलं, "ताई, तुमचे गुण सांगा बरं मला."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्या काय गुण उधळले न्हाईत म्याडम. आईची शप्पत."

पडद्यापलीकडून सासू म्हणाली, "सांग की, सांग. लई गुणाची हायेस."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. मूल होत नाही म्हणून, भाकरी जाड होते म्हणून, चार वर्षं त्या घरात 'तुझे गुण' 'तुझे गुण' करून तिला सोलत होते. आणि माझ्या त्या कौतुकाच्या तिरक्या खुर्चीत बसवून मीही तेच केलं. त्या दिवशी ती पुढे एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आधी सासूला आमच्या सिस्टरबरोबर चहाला पाठवलं. फॉर्म खुर्चीखाली टाकला. विचारलं, "आत्ता घरी असता तर काय करत असता?"

तिनं दाराकडं, उन्हाकडं बघितलं. "शेळ्या सोडल्या असत्या."

मग हळूहळू बोलली. दोन शेळ्या होत्या, त्यातली एक गाभण. गावात कुणाची शेळी अडली की हिलाच बोलवायला येतात. "करडू आडवं आलं तर आत हात घालून फिरवावं लागतंय. माझा हात बारीक हाय."

"कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाय. शेळी सांगती की."

मी म्हटलं, हे फार मोठं काम आहे. ती म्हणाली, "ह्येच्यात काय मोठं? हात बारीक हाय म्हनून जमतंय." पण एवढं बोलताना तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं होतं, आणि मला हुशारी सुचली. म्हटलं, "ती गाभण शेळी तुमच्याच भरवशावर आहे ना? मग तिच्यासाठी तरी मला शब्द द्या."

ती म्हणाली, "बरं. शेळी व्यायची हाय तवर म्या कायबी करनार न्हाय. शब्द."

मी हुरळून गेले. बलस्थानांचा रकाना भरभरून लिहिला. नवऱ्याला बोलावून घरातलं विषारी औषध बाहेर काढायला सांगितलं, गावच्या आशाताईंना फोन केला, मंगळवारची तारीख दिली आणि तिला घरी जाऊ दिलं. दुपारी डबा खाताना सिस्टरला हे कौतुकानं सांगितलं. सिस्टरच्या माहेरी शेळ्या. तिनं विचारलं, "आन शेळी व्याल्यावर?"

घास तोंडातच राहिला. किती दिवसांची गाभण आहे, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात, ते मी अक्षरशः केलं होतं. तिनं मला जगायचा शब्द दिलाच नव्हता. मुदत दिली होती, आणि ती मी मागून घेतली होती.

मंगळवारी ती आली नाही. नवऱ्याचा फोन बंद. आशाताई म्हणायच्या, "हाय की, काल दिसली, गोळ्याबी घेती. पर घरचे सोडत न्हाईत." पुढच्या मंगळवारीही खुर्ची रिकामीच. वॉर्डात औषध घेतलेली बाई आणली की मी हातातलं काम टाकून पळायचे, आधी तोंड बघायचे. ती नसली की सुटल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या कुणाची तरी लेक समोर तडफडत असायची आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. या वाटण्याची मला अजून लाज वाटते. नोकरी सोडावी असंही तेव्हाच मनात आलं. माझ्यापेक्षा ते सलाईनचे खोके त्या खोलीत बरे होते.

तिसऱ्या आठवड्यात आशाताईंचा फोन आला, "म्याडम, तिची शेळी व्याली की परवा." रजा टाकायचंही सुचलं नाही. मिळेल त्या गाडीनं बेंबळी गाठली. वाटेत देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

गोठ्यात ती जमिनीवर बसली होती. मांडीवर करडू, हातात चमचा. मला बघून तिला नवल वाटलं नाही.

"दोन झाली," ती म्हणाली. "ह्ये एक लुळं हाय, सड धरीना. चमच्यानं पाजायलेय. म्हनून थांबलेय."

म्हणून थांबलेय. मी तिथंच शेणात बसले. आपलं रडगाणं समोरच्यापुढं गाऊ नये असं शिकवलं होतं, पण मला आवरलं नाही. म्हटलं, "ताई, मी चुकले. शेळीचं नाव काढायला नको होतं. मला भीती वाटते हो, तुमच्यासाठी. रोज वाटते."

ती चमचा धरून तशीच राहिली. "माझ्यामुळं भेतेत समदे, पोलीस येतील म्हनून. माझ्यासाठी कुनी भेलं न्हवतं."

मग पदरानं तोंड पुसत ती रडली, मीही रडले. सासू दारात येऊन उभी राहिली. तिला मी म्हटलं, मंगळवारी हिला पाठवा, नाही पाठवलं तर मी न्यायला येईन. सासू आत गेली.

"येते मंगळवारी," ती म्हणाली.

या वेळी मी विचारलं, "आणि बुधवारी?"

करडाच्या तोंडातून दूध सांडत होतं. तिनं त्याची मान वर केली, चमचा पुन्हा भरला आणि तो रिकामा होईपर्यंत पाजला.

"बुधवारचं मंगळवारी सांगते."

तेवढं घेऊन मी परत आले.