ठकुआत्याची मुकी दासी

भाग्यलक्ष्मीला एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा तिच्या वडिलांना, महांतेशअप्पांना, कुणीतरी चेष्टा करतंय असंच वाटलं. "बाहुल्या नाचवायला शिकवणारं कॉलेज? आणि तेही बेंगळुरात?" बागलकोटकडच्या गावात त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या पडद्यामागून चामड्याच्या बाहुल्या खेळवत आलेलं. बाहेर कन्नड, घरात मराठी. बी.ए. झालेली घरातली पहिली हीच.

मुलाखतीत विभागप्रमुख बिंदुमाधव सर म्हणाले होते, "तुझ्यासारख्यांसाठीच तर हा अभ्यासक्रम काढलाय आम्ही." ते वाक्य तिनं फोन करून घरी सगळ्यांना ऐकवलं.

सकाळी बेंगळुरातल्याच शिवाजीनगरात चामडी पिशव्यांच्या कारखान्यात कटिंगचं काम, दुपारी कॉलेज, असा तिचा दिवस. खोलीत सोबतीला सिद्धी. मूळची पुण्याची, बेंगळुरातच महादेवपुरातली आयटीची नोकरी सोडून बाहुल्यांच्या नादाला लागलेली. सिद्धी तिचं इंग्रजी नीट करून द्यायची, ती सिद्धीला बकऱ्याचं चामडं कागदासारखं पातळ खरवडायला शिकवायची. एकदा भाग्यलक्ष्मी तापानं फणफणली, तर सिद्धी तीन दिवस उशाशी बसून होती. सख्खी बहीण काय वेगळं करते?

दुसऱ्या वर्षी दिवाळीला सिद्धी भाग्यलक्ष्मीच्या गावी आली. तिथं तिला ठकुबाई भेटली, महांतेशअप्पांची थोरली बहीण. ठकुआत्या बोलताना अडखळायची. पडद्यामागे बायकांनी गायचं असतं. हिचा शब्द ओठावरच अडायचा आणि समोरचे हसायचे. म्हणून सोळाव्या वर्षी तिनं स्वतःसाठी एक बाहुली कापली. मुकी दासी. तोंड मिटलेलं, पण दोन्ही मनगटं सुटी. राजा खोटं बोलला की दासीचा हात हळूच उलटा वळायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. कुठल्याच पोथीत ही दासी नाही. ती ठकुआत्याची.

परक्यासमोर आत्या तोंड उघडत नसे. पण सिद्धीच्या हातात तिनं दासीच्या काड्या दिल्या, तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि आठ दिवस शिकवलं. जाताना म्हणाली, "प्‌... पुन्हा ये."

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकीला अर्ध्या तासाचा खेळ करायचा होता. भाग्यलक्ष्मीनं आत्याचीच दासी घेतली होती. सिद्धीचा विषय बेंगळुरातले तलाव. ती कॉलेजातच दार लावून तालीम करायची. "सरप्राइज आहे गं," म्हणायची. सिद्धीचा खेळ सकाळी होता. भाग्यलक्ष्मीला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, ती पोचली दुपारी.

पडद्यावर दासी आली. हात वळला. कुणीच हसलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मध्येच दिवे लावायला सांगितले.

"हे पात्र आम्ही सकाळीच पाहिलंय. सिद्धीची मुकी बाई, तलाव विकणाऱ्यांसमोर हात फिरवणारी. मैत्रिणीचं उचलताना निदान मनगटं तरी बदलायची."

भाग्यलक्ष्मीनं बिंदुमाधव सरांकडे पाहिलं. दोघींचे प्रबंध त्यांनीच तपासले होते. तिच्या प्रबंधात आत्याच्या नावाचं अख्खं प्रकरण होतं. सर कागद चाळत राहिले.

बाहेर जिन्यात सिद्धी उभी होती. "अगं, मी श्रेय दिलंय ना! 'एक अनामिक ग्रामीण कलाकार' असं लिहिलंय."

"अनामिक? तुला नाव माहीत नव्हतं? आठ दिवस तिच्या हातचं जेवलीस."

सिद्धी खाली बघत म्हणाली, "नाव घातलं की संमतीचा फॉर्म लागतो. सही लागते. सर म्हणाले, नको त्या भानगडीत पडू."

म्हणजे सरांना ठाऊक होतं. ती तशीच त्यांच्या खोलीत गेली.

"लोककला कुणा एकाची नसते, भाग्यलक्ष्मी," सर शांतपणे म्हणाले. "उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"मग तुमच्या पुस्तकावर तुमचं नाव का आहे, सर?"

तिनं लेखी तक्रार दिली. समिती बसली, दोन महिन्यांनी उठली. सिद्धीच्या प्रबंधात एक तळटीप वाढली, आणि भाग्यलक्ष्मीला 'वाद टाळण्यासाठी' दुसरा खेळ सादर करायला सांगितलं. सिद्धीनं तोवर खोली बदलली होती.

गावी जाऊन तिनं सगळं सांगितलं. महांतेशअप्पा भडकले, पण तिच्यावरच. "घरात आणली कुणी तिला? तूच ना?"

ठकुआत्या तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "न्‌... नीट चालवली का तिनं?"

सिद्धीच्या खेळाचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. भाग्यलक्ष्मीनं तो पाहिला होता. खोटं बोलवेना. "हो आत्या. चांगली चालवली."

"म्‌... मग मला बघायला का नाही बोलावलं?"

भाग्यलक्ष्मी उठून परसात गेली. परीक्षेपासून ती रडली नव्हती. तिथं रडली.

नंतर तिनं दुसरा खेळ केला, जेमतेम गुण मिळाले, पदवी मिळाली. आता ती बेंगळुरातच, पीण्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका शाळेत मुलांना बाहुल्या शिकवते. सिद्धीचे प्रयोग चालू असतात. भाग्यलक्ष्मीला निमंत्रण कधी येतं, कधी नाही.

मागच्या महिन्यात बिंदुमाधव सरांचा फोन आला. आवाज पहिल्यासारखाच मायेचा. "अगं, नवी बॅच घेऊन तुमच्या गावी यावं म्हणतो. आत्या भेटतील ना? स्वल्प वेळ दिला तरी चालेल."

"सरी, सर. बरं. आत्याला विचारते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आत्याला तिनं विचारलं नाही. त्या आठवड्यात सरांचे आणखी दोन फोन येऊन गेले. तिनं ते वाजू दिले.