पैलवानाची सर्दी

"म्याडम, पोराला सर्दी झालीया. एक इंजेक्शन ठोका, आयतवारी मैदान हाय."

हे बापू वस्ताद. आमच्या इस्लामपूरजवळच्या सरकारी दवाखान्यात ते आपल्या लाडक्या पैलवानाला, समीरला घेऊन आले होते. वस्ताद म्हणजे तालमीतले कुस्तीचे गुरू. इथं त्यांचा शब्द डॉक्टरपेक्षा मोठा. मी इथली डॉक्टर, पण पडले बाहेरची, वाईची; ते मला आधीपासूनच खटकायचं.

नव्वद किलोचा गडी चादर पांघरून कुडकुडत होता. ताप एकशेतीन. नाक कोरडं, शिंक एक नाही, खोकला मात्र कोरडा आणि सततचा. मांड्या-पाठ कुणी बडवल्यासारखी दुखत होती.

कधीपासून, म्हणून विचारलं. वस्तादांनी नेमकं सांगितलं. काल संध्याकाळी शंभर जोरांपर्यंत पठ्ठ्या झकास होता, एकशेविसाला हात थरथरले, दीडशेला मातीत बसला. सर्दी घामानं जाते म्हणून आज पहाटे त्याला पुन्हा जोर मारायला लावले होते. मी कपाळावर हात मारला.

साधी सर्दी हळूहळू चढते. आधी घसा खवखवतो, मग नाक गळतं, ताप आला तर किरकोळ, माणूस कुरकुरत का होईना कामाला जातो. फ्लू असा धडकतो की कोणत्या जोराला आला तेसुद्धा सांगता येतं. ताप सणकून, अंग मोडून येतं. फ्लू अंगात असताना जोर-बैठका मारल्या तर न्यूमोनिया होऊ शकतो, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. इंजेक्शनचा काही उपयोग नाही. फ्लूची वेगळी गोळी असते, ती पहिल्या दोन दिवसांत सुरू केली तर जास्त लागू पडते. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

"आवं, सर्दीनं पैलवान घरी बसल्याला मी तरी बघितला न्हाई."

आता मात्र माझं डोकं सटकलं. कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं.

"मग लिहून द्या. डॉक्टरांनी जिवाला धोका सांगितला, तरी मी ह्याला मातीत उतरवतोय. खाली सही करा."

समीरचे वडील तो दहा वर्षांचा असताना गेले. तेव्हापासून त्याचा खुराक वस्तादांच्या घरून यायचा. वस्तादांनी पेन उचललं, समीरकडं बघितलं, पेन खाली ठेवलं.

"गोळ्या द्या," म्हणाले.

समीरचा स्वॅब मिरजेला पाठवला, गोळ्या सुरू केल्या आणि दुपारी मी तालमीत गेले. तिथं थंडाईचं एकच पातेलं, एकच तांब्या, आणि चौदा पैलवान त्यालाच तोंड लावून पीत होते. दोघांना ताप होताच. त्यांनाही झोपवलं. प्रत्येकाला वेगळा पेला घ्यायला लावला. वस्तादांनी लगेच स्वतःच्या घरून पेले मागवले; इतकं सहज ऐकलं म्हणून मला जरा भीतीच वाटली.

रिपोर्ट आला, इन्फ्लुएंझाच. रविवारी कुस्त्यांच्या मैदानात वस्तादांनी स्वतः जाऊन समीरचं नाव मागं घेतलं. "घाबरला काय रं पोरगा?" म्हणून लोकांनी खिदळून घेतलं. वस्तादांनी ते गिळलं. चौथ्या दिवशी समीरचा ताप उतरला, तरी मी त्याला दहा दिवस पडूनच राहायला लावलं. तालमीतल्या कुणालाच ॲडमिट करावं लागलं नाही.

महिन्याभरानं शेजारच्या गावचं मैदान होतं. पूर्ण तपासून, मगच मी समीरला सोडलं होतं. वस्तादांनी आग्रह करून मलाही नेलं. नवव्या मिनिटाला समीरनं समोरच्याला घिस्सा डाव मारून चितपट केलं आणि मी, सरकारी नोकर बाई, खुर्चीवर उभी राहून ओरडले! मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू.

वस्तादांनी माझ्या डोक्याला फेटा बांधायला लावला आणि माईक हातात घेतला.

"ह्या पोराची पाठ आजपत्तूर एकाच माणसानं टेकवलीया," ते म्हणाले. "ह्या बाईंनी. धा दिवस हालू दिलं न्हाई."

अख्खं मैदान हसलं. तेव्हापासून आमच्याकडे लोक ताप आला की त्याच दिवशी येतात. वीस वर्षं भिंतीवर पोस्टरं लावून जे जमलं नव्हतं, ते त्या एका माईकनं केलं.