पाण्याला न विचारलेली फरशी

फरशी बसवून झाली म्हणजे काम झालं, असं लेव्हलदादा कधी मानत नसे. सांधे भरून सुकले, की तो लांबच्या कोपऱ्यात मगभर पाणी ओतायचा आणि उकिडवा बसून बघायचा. पाणी आपल्या पायांनी मोरीच्या जाळीपर्यंत गेलं तर ठीक. वाटेत रेंगाळलं, तर तेवढ्या फरश्या उखडून पुन्हा. याला तो 'पाण्याला विचारणं' म्हणे. "माणूस तोंडदेखलं बोलतो, पाणी बोलत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. या हट्टापायीच त्याला लेव्हलदादा हे नाव पडलं.

त्याचा जोडीदार पोपट. दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, म्हणून पोपट. दोघे एकाच चर्चच्या मंडळीतले. बुधवारी संध्याकाळी सहाला कुणाच्या तरी घरी प्रार्थना असे. ती दादा चालवायचा, पुढच्या खुर्चीवर बसून. पोपट दाराशी, चपलांजवळ बसायचा.

सिस्टरबाईंच्या न्हाणीघराचं काम असंच एका बुधवारी संपत आलं. सिस्टरबाई म्हणजे निवृत्त परिचारिका, एकट्या राहणाऱ्या, मंडळीतल्याच. पावणेसहा झाले होते. पोपट मग भरून उभा होता.

"पाणी?" त्याने विचारलं.

"उद्या विचारू. आज प्रार्थनेत शास्त्रभागावर बोलायचंय मला. चल, आवर."

त्या संध्याकाळी दादा लहानसहान कामातल्या विश्वासूपणावर बोलला. चांगला बोलला. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे काम लागलं आणि तो 'उद्या' राहून गेला.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टरबाई न्हाणीघरात घसरल्या. उजवं मनगट मोडलं. दादा भेटायला गेला, तेव्हा त्या प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या.

"दादा, उंबऱ्याजवळ पाणी साचतं रे."

"आमच्याकडून जरा राहिलंच, सिस्टरबाई."

'माझ्याकडून' म्हणायला तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं ते 'आमच्याकडून'.

"तुझ्याकडून कसं राहील?" त्या म्हणाल्या. "तो पोपट असणार. न बोलणारी माणसं कामही गिळतात."

इथे बोलायला हवं होतं. दादाने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि निघाला.

पुढच्या आठवड्यात चर्चच्या पाळकांनी त्याला बाजूला घेतलं. प्रार्थनेच्या हॉलची फरशी बदलायची होती. "काम तूच घे दादा. पोपटला मात्र नको. सिस्टरबाईंचं ऐकलं मी." दादा "बघतो" म्हणाला. आणि पोपटला जाऊन सांगितलं, की काम लहान आहे, एकट्याचं आहे.

"बरं," पोपट म्हणाला.

त्या रविवारी उपासनेत पापांची कबुली सुरू झाली. आम्ही चुकलो, आम्ही कसूर केली, असं सगळे एका सुरात म्हणत होते. एरवी दादाचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आज 'आम्ही'पाशी तो थांबला. दोनशे माणसं एका पांघरुणाखाली, पाय कुणाचे मळलेत ते कुणाला दिसणार? त्याने मागे वळून पाहिलं. पोपट दाराशी उभा राहून तीच वाक्यं म्हणत होता, खाली मान घालून.

उपासना सुटल्यावर दादा पोपटच्या घरी गेला. दार त्याच्या बायकोने उघडलं. आत या म्हणाली नाही.

"हॉल फार लहान आहे म्हणे, भावोजी. दोनशे माणसं मावतात, दुसरा कामगार मावत नाही."

दादाचे कान तापले. तो तिच्या बाजूने वाट काढत मागच्या अंगणात गेला. पोपट थापी घासत होता.

"पाण्याचा मग तुझ्या हातात होता त्या दिवशी. तू कुणाला बोलला का नाहीस?"

पोपटने थापी उलटवली, दुसरी बाजू घासली. "तू बोलशील म्हणून थांबलो."

त्याचे दिवसाचे चार शब्द संपले.

सोमवारी सकाळी दोघे सिस्टरबाईंकडे गेले. दादा दारातच उभा राहिला. "पोपट पाणी ओतणार होता. मी थांबवलं. मी."

"कशासाठी?"

"प्रार्थनेला उशीर होत होता."

सिस्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. "त्या दिवशी मी पुढेच बसले होते. तुझं ऐकून रुमाल ओला केला मी." मग पोपटकडे बघून म्हणाल्या, "तुझं नाव मी खराब केलं बाबा. पाळकांना आजच फोन करते." आणि दादाकडे वळल्या. "माझं हाड सहा आठवड्यांत जुळेल. याचं नाव तू जुळव. बुधवारी, सगळ्यांसमोर."

त्या 'जाऊ दे' म्हणतील, अशी दादाला आशा होती. आशा होती याचीच त्याला जास्त लाज वाटली.

उंबऱ्याजवळच्या दोन ओळी फोडल्या, उतार नव्याने काढला, फरश्या बसवल्या. बुधवारी दुपारी पाणी ओतलं. पाणी सरळ जाळीकडे गेलं, पण एका फरशीच्या कडेला नखाएवढं थांबलं. पोपटने तिथे बोट ठेवलं.

"एवढं चालेल रे," सिस्टरबाई म्हणाल्या.

"नाही चालणार," म्हणत दादाने छिन्नी उचलली.

ते दोघे प्रार्थनेला पोहोचले तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. दादाच्या नखांत सिमेंट होतं, पँट गुडघ्यांवर ओली. पुढची खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती.

"ये दादा, पुढे ये," पाळक म्हणाले.

"नको. इथूनच सांगतो." तो दाराशी उभा राहिला. सगळे वळून बघायला लागले. "सिस्टरबाईंच्या न्हाणीघरात आमच्या..." जिभेला वळण तेच होतं. तो थांबला. "माझ्याकडून राहिलं." हेही तिरकंच होतं. राहिलं म्हणजे काय, आपोआप राहिलं? पोपट चपलांकडे बघत होता.

"मी पाणी ओतलं नाही," दादा म्हणाला. "पोपट ओतत होता, त्याला मी थांबवलं. बाई पडल्या, तेव्हा दोष त्याच्यावर जाऊ दिला. हॉलच्या कामातून त्याला काढलं, तेव्हाही गप्प बसलो. त्याच्याशी खोटं बोललो."

कुणी आमेन म्हणालं नाही. पुढे कुणाची तरी खुर्ची करकरली. दादा खाली बसायला गेला, पण बसायला जागा नव्हती.

पोपटने चपलांचे दोन जोड उचलून पलीकडे ठेवले आणि थोडा सरकला.