साळवेबाई आणि अंत्युखियाची पंगत

एस्तेरबाई साळवे यांना मी पहिल्यांदा भेटलो ते संत तुकाराम नगरात, त्यांच्या स्वयंपाकघरात. चाकणच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागून मला जेमतेम महिना झाला होता. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास शिकवतात, असं कळलं म्हणून गेलो होतो. गाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "या आठवड्यात शिफ्ट कुठली?" फ्रिजशेजारी भिंतीवर एक तक्ता होता. त्यात वर्गातल्या प्रत्येकाची शिफ्ट लिहिलेली असे आणि ती पाहूनच बाई वर्गाची संध्याकाळ ठरवत. त्यात माझंही नाव चढलं.

"तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या," बाई सांगत. "कुणाचं तरी घर असायचं. तंबू शिवणारे, गुलाम, कापड विकणाऱ्या बाया, सगळे एकत्र जेवायचे. ज्या रस्त्यांनी माल जायचा, त्याच रस्त्यांनी ही माणसं आपला विश्वास घेऊन गावोगाव गेली." म्हणून बाईंचा वर्गही घरोघरी फिरे, कधी तळेगाव दाभाडे, कधी माण. नियम एकच. आधी धडा, मग त्या घरी सगळ्यांनी जेवायचं.

या नियमात मी नापास झालो. दत्ता आणि मीरा हे परभणीकडचं जोडपं वर्गात नव्याने येऊ लागलं होतं. दत्ता माणला इमारतींच्या कामावर मजूर होता. त्यांच्या घरी वर्गाची पाळी आली. आम्ही नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पण मंडळीत येताना आम्ही जातही खिशात घालून आणली होती, हे लिहिताना आज लाज वाटते. दत्ताची जात आम्ही आमच्याहून खालची मानत होतो. त्यांच्या घरचं जेवण नको, म्हणून मी बाईंना फोनवर थाप मारली, "सेकंड शिफ्ट लागलीय."

बाई बहुधा तक्त्यासमोरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुझी फर्स्ट आहे, अविनाश." आणि फोन ठेवला.

मी गेलो नाही. माझं बघून वर्गातली बाकीची तीन घरंही गळली. दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे शहाणपणा करायला गेलो. "त्यांचा वर्ग वेगळा घ्या बाई. कुणाचं मन दुखायला नको."

बाईंनी हातातली सुरी बाजूला ठेवली. "अंत्युखिया शहरात येशूच्या शिष्याने, पेत्राने हेच केलं. परक्या समाजातल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, आपली यहुदी माणसं आल्यावर पंगतीतून बाजूला झाला. त्याचं बघून बाकीचेही. प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांसमोर जाब विचारला. तिथे दोन पंगती झाल्या असत्या, तर आपल्यापर्यंत काय पोचलं असतं? मी दोन वर्ग घेणार नाही. पुढचेही वर्ग दत्ताच्याच घरी होतील. तू ये, नाहीतर नको येऊ."

मला राग आला. पंधरा माणसांचा वर्ग बाई हट्टापायी मोडणार, असंच मी सगळ्यांना सांगत सुटलो. पुढचा आठवडा आणि त्याच्या पुढचा आठवडा बाई दोन बस बदलून माणला गेल्या. समोर दत्ता, मीरा आणि रिकाम्या सतरंज्या. पण धडा पूर्ण शिकवला, एक ओळही गाळली नाही. हे दत्तानेच मला फोनवर सांगितलं, तेही कौतुकाने. तक्रारीचा शब्द नव्हता. त्यानंतर घरी बसणं मला जमेना.

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या दारात उभा राहिलो. मीराने परातीखालून ताट काढलं. "तिन्ही खेपेला तुमचं ताट झाकून ठेवलं व्हतं, भाऊ. आज गरम हाय."

मी चपला काढून सतरंजीवर बसलो. बाईंनी हातातली वही मिटली. "आधी जेव. धडा मग." इतक्या वर्षांत बाईंनी क्रम बदलला तो त्या एकदाच.

गळलेल्या घरांपैकी दोन हळूहळू परतली. एक अजून आलेलं नाही. बाई मात्र त्यांचं नाव तक्त्यातून खोडू देत नाहीत. पुढे मशीनमध्ये माझा हात सापडला, तेव्हा त्यांनी माझ्या नावापुढे 'रजा' लिहिलं आणि अख्खा वर्ग माझ्या खाटेभोवती भरवला. त्या महिन्याचे डबे मीराने पाठवले.

पंचाहत्तरीचा सत्कार हॉलमध्ये करायला बाईंनी साफ नकार दिला. कार्यक्रम माणला, दत्ताच्या घरी होईल आणि वाढायला मी असेन.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, या मागण्यात आमचा स्वार्थही आहे. त्यांच्या सावकाशीने आमचा वर्ग आत्ता कुठे तिसऱ्या शतकात शिरला आहे. मधेच सोडून जायची त्यांना परवानगी नाही. आणि बाई, तक्त्यात माझ्या नावापुढे कुठलीही शिफ्ट असू द्या. मी येणार आहे.