अज्जांच्या कपाळावरची शाई

अव्वासाठी पाट मांडला होता. ताटात साडी, खण, नारळ. काकूनं सगळं तिच्या ओटीत घातलं आणि लगेच थोरल्या काकांनी ताटाखालून कागद ओढला.

"ओटी घेतलीस न्हवं? आता हितं सही कर. पोरीचीबी घे."

अव्वा म्हणजे माझी आई. अप्पा, माझे वडील, वारले तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर दहा वर्षं मंगळवार पेठेतल्या याच घरात, याच काकूनं तिला एकाही हळदीकुंकवाला बोलावलं नाही. बाहेर बायका अत्तर लावून घ्यायच्या आणि ही आत भाकऱ्या थापायची. विधवेची ओटी भरत नाहीत म्हणे. त्या दिवशी बरी भरली. अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, घरानं आपल्याला परत माणसांत घेतलं. ते पाणी आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

कागद हक्कसोडपत्राचा होता. पन्हाळ्याखालच्या वडिलोपार्जित शेतातला अप्पांचा वाटा आम्ही मायलेकींनी राजीखुशीनं सोडला, असं त्यात लिहिलेलं. दुसरा कागद माझ्या आजोबांचा, अज्जांचा. त्यांनी स्वतः बांधलेलं हे घर काकांना बक्षीस.

अज्जा शेजारीच खाटेवर होते. मेंदूचा झटका आल्यापासून दोन वर्षं माणसं ओळखत नव्हते. जन्मभर वळणदार सही करणारा माणूस. काकांनी त्यांचा अंगठा धरला, शाईत दाबला, कागदावर दाबला. आता अज्जांना रोज उठून विभूती लावायची सवय. बोटाला काही लागलं की हात आपोआप वर जायचा. तसा गेला. कपाळावर निळा फराटा उमटला.

ओटीसाठी बोलावलेले, सोप्यात बसलेले पाहुणे हसले. काकू हसली. मी मान खाली घातली. लाज मला वाटली, त्यांना नाही. ती त्यांना वाटायला हवी होती, हे मला फार उशिरा कळलं.

"पोरीच्या जातीला शेत कशाला पायजे?" काका म्हणाले. "उद्या जाशील दुसऱ्याच्या घरात. आन् अज्जांनी समजून उमजून दिलंय की!"

मी तेव्हा एका वकिलांकडं टायपिंग करत होते. 'वाचून, समजून, पूर्ण शुद्धीत' हे शब्द रोज बडवायचे. तेच शब्द त्या निळ्या अंगठ्याच्या वर होते. मी उठले आणि खाटेजवळ गेले.

"अज्जा, माझं अप्पा कुठं हायत?"

अज्जांनी दाराकडं बघितलं. "दुकानात. जेवायला आला न्हाय अजून. ताट झाकून ठेवा."

कुणी हसलं नाही.

"म्हाताऱ्याचं बोलणं काय मनावर घेतीस!" काका ओरडले.

"बोलणं मनावर घ्यायचं न्हाय, आन् अंगठा तेवढा घ्यायचा व्हय?"

अव्वाच्या ओटीतली साडी काढून मी ताटात टाकली. ती कळवळली. "अगं, भरली ओटी परत करू नये."

मी केली. मग ओल्या फडक्यानं अज्जांचं कपाळ पुसलं. शाई पुरती निघाली नाही.

वकिलांनी सगळं सरळ सांगितलं. घर अज्जांचं. ते जिवंत आहेत तोवर त्यावर नातीचा हक्क नाही, तसा मुलाचाही नाही. शेतातला अप्पांचा वाटा मात्र आम्हा मायलेकींचा. आणि ज्याला आपला मुलगा मेल्याचंही भान नाही, त्याच्या अंगठ्यावर कुणाला घर मिळत नाही. मी अर्ज केला. घराचा तो कागद रद्द करावा, आणि अज्जांच्या मिळकतीवर कोर्टानं पालक नेमावा.

काकांनी भाऊबंदांत सांगून टाकलं, पोरीनं घराण्याचं नाक कापलं. कापलं असेल. दहा वर्षं माझ्या आईला चुलीपुढं बसवणारं नाक होतं ते.

परवा समेटाला म्हणून ते पुन्हा साडी घेऊन आमच्या खोलीच्या दाराशी आले. या वेळी दार अव्वानंच लावलं.

त्यांना माझी सही पाहिजे होती. मिळाली. अर्जदार म्हणून माझ्या नावाखाली आहे, आणि अव्वाची तिच्या खाली. ती आम्ही मागं घेणार नाही.