काळ्या खिडकीला ‘येते’ म्हणताना

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सोसायटीत कुणी म्हणालं की जिन्यात पावलं वाजतात, तर मी म्हणते, आधी बल्ब बदला, मग बोलू. तरी हे लिहितेय... कारण पोटात ठेवून ठेवून आता राहवत नाही.

राहते बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. कॉम्प्युटर शिकले ते आमच्या ह्यांच्यामुळे, खरं तर ह्यांच्या टोमण्यांमुळे. रिटायर झाल्यावर ह्यांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसती काळी खिडकी आणि लुकलुकणारी रेघ.

“अहो, ह्याच्यात चित्रं का नाहीत?”

“चित्रं बघायची तर टीव्ही लाव. इथे वाचता येणाऱ्यांचं काम आहे.”

मग काय, पेटले हट्टाला. म्हटलं, वाचता मलाही येतं! हळूहळू जमलं. pwd लिहिलं की खिडकी सांगते आपण कुठल्या खोलीत उभ्या आहोत. ls म्हणजे ह्या खोलीत काय काय आहे ते दाखव. cd म्हणजे दुसऱ्या खोलीत चल. mkdir म्हणजे नवी खोली बांध, सोसायटीची परवानगी-बिरवानगी काही लागत नाही. आणि rm म्हणजे टाकून दे. “ह्याला कचऱ्याची पेटी नसते हं,” हे बजावायचे. “टाकलं की गेलं. विचारतसुद्धा नाही.”

शेवटी बंद करायला exit. तिथेच माझं अडायचं. निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे आईने अंगात मुरवलेलं. म्हणून मी exit च्या आधी yete लिहायची. खिडकी आपली दर वेळी म्हणायची, yete: command not found. हे हसून हसून लाल. “अगं, ते यंत्र आहे, सासर नाही!”

पण मी खरोखरची बाहेर निघाले, मंडईत म्हणा, देवळात म्हणा, आणि ‘येते हं’ म्हटलं, की पेपरातून डोकं न काढता ह्यांचं ठरलेलं: “ये. किल्ली घेतलीस का?” कारण लॅचचं दार ओढून घेऊन बाहेर अडकण्यात मी पटाईत.

आमच्या लेकीची, मंजिरीची, गोड बातमी आली त्या आठवड्यात ह्यांनी पाळणा रचला. नातवंडाच्या बारशाला स्वतः म्हणणार होते. लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवला, palna नावाची खोली करून. पुढच्याच महिन्यात हार्ट अटॅकने गेले... घरात ह्यांचा आवाज उरला तो तेवढाच. मी मधूनमधून ऐकायची, yete लिहायची, not found वाचायची, exit करायची.

बारशाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. टळटळीत दुपार. मंजिरी बाळाला घेऊन आत पडलेली, मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन. पाळणा पेनड्राइव्हवर घ्यायचा होता, स्पीकरवर लावायला. पण पाहुणे यायचे म्हटलं की मला आवराआवरीचा झटका येतो. त्या नादात लॅपटॉपही आवरायला घेतला! एका खोलीत जुना पसारा होता. ls करून पाहिला. मग rm -r * लिहिलं, म्हणजे इथलं सगळं झाडून टाक. मग cd करून palna मध्ये आले. आता परत ls हवं होतं. वरचा बाण दाबला की आधी लिहिलेलं एकेक परत येतं, तेवढंच टायपिंग वाचतं. चष्मा कपाळावर. बाण, बाण, एंटर...

एक बाण अलीकडेच, त्या rm वर थांबले होते.

खिडकी काहीच बोलली नाही. मग ls लिहून पाहिलं, तर खोली रिकामी.

“मंजिरीऽ!” अशी ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. ती धावत आली.

“आई, दुसरीकडे कॉपी आहे ना?”

“तीच तर करत होते गं...”

तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिने नवऱ्याला फोन लावला. आमचे जावई निखिलराव हिंजवडीत कंपनीत आहेत. म्हणाले, “आई, रडू नका. आता एक अक्षरही लिहू नका, लगेच बंद करा. कदाचित काही मिळेल... पण प्रॉमिस नाही करत.”

एक अक्षर नको म्हणाले, पण बंद करायचं म्हटल्यावर हाताला सवय तीच. yete लिहून एंटर दाबला गेला. आणि खिडकीत आलं:

ye. killi ghetlis ka?

चष्मा लावून पुन्हा वाचलं. मंजिरीला खूण केली. तिने बाळासकट वाकून वाचलं आणि माझा खांदा घट्ट धरला. मग मी, का ते विचारू नका, ls लिहिलं.

पाळणा होता. जागच्या जागी.

लावला. आधी ह्यांचा तो खाकरा, मग आवाज. बाळ रडतच होतं, आम्हीही.

संध्याकाळी निखिलराव आले ते बूट न काढता लॅपटॉपपाशी. त्यांची थिअरी तयार होती. “बाबांनीच yete नावाची कमांड करून ठेवली असणार, गंमत म्हणून.” शोध शोध शोधलं. अशी कमांड कुठेच नाही. मी लिहून दाखवलं, तर खिडकीचं आपलं पहिलंच पालुपद, not found! आधी लिहिलेलं सगळं त्यांनी काढून पाहिलं. palna मध्ये आल्यावरचं माझं rm तिथे होतं. फाइलवर तारीख मात्र ह्यांनी रेकॉर्ड केल्याचीच.

“आधी कॉपी करा,” मी म्हटलं.

“केली आई, मिळेल तिथे केलीय.”

“मग हे झालं काय?”

“माहीत नाही. असं होत नसतं.” आणि चहा बाजूला सारून पुन्हा शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. आत्याने कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि पाळणा आजोबांनीच म्हटला. बायका डोळे पुसत होत्या. मी मात्र घुगऱ्या वाटत हिंडत होते, सगळ्यांना सांगत, “हे आमचे हे!”

जाणकारांनी खुशाल समजावून सांगावं, मी ऐकेन. मला अजून उलगडा नाही. रोज खिडकी उघडते, yete लिहिते, ती म्हणते, command not found. म्हणू दे. बाहेर पडताना मात्र दारात थांबून ‘येते हं’ म्हणते, क्षणभर वाट बघते... आणि किल्ली घेते. त्या दिवसापासून एकदाही बाहेर अडकले नाही.